बंद झाकणापुढचा नैवेद्य

नवा लॅपटॉप दोन्या सेवेरिनाच्या टेबलावर ठेवून झाला, तरी इंजिनिअर ओस्वाल्दोने त्यावरचा हात काढला नाही. लेकीला सासरी पाठवताना बाप उंबऱ्यात घुटमळतो, तसा तो घुटमळत राहिला.

"हा शेवटचा, दोन्या सेवेरिना," तो म्हणाला. "याचा कीबोर्ड गेला, तर मी दुसरा मागवणार नाही."

"किती दिवस टिकतो हो हा?" तिने हळूच विचारले.

"कंपनी म्हणते, एकेक बटण एक कोटी वेळा दाबलं तरी हूं की चूं करत नाही."

"मोजलं कोणी?"

"मशीन असतं त्यासाठी. मशीनचं बोट असतं. ते दिवसरात्र दाबत बसतं."

"त्या बोटाला कुणाचं गाऱ्हाणं लिहायचं नसतं ना," ती म्हणाली. "मग पडणारच ते हलकं."

ओरुरो शहराच्या डोंगरावरच्या वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचा ओस्वाल्दो हा नवा व्यवस्थापक. वयाने सेवेरिनाच्या धाकट्या मुलाएवढा, म्हणून तिला मानाने ‘दोन्या’ म्हणणारा, आणि स्वभावाने मुळीच वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कामाची आहे की बिनकामाची, हे ठरवून टाकल्याशिवाय झोप येत नसे. जाता जाता त्याने जे सांगायला तो आला होता ते सांगून टाकले. हल्ली नुसते बोलले तरी मशीन टाइप करते. बोटांची गरज कितीशी उरली? तेव्हा हा कीबोर्ड गेला, तर सेवेरिनाने मागच्या मीटरच्या खोलीत बसावे, जुने मीटर नीट लावून ठेवावेत. तिथे शांतता असते. आरामच म्हणायचा.

सेवेरिनाने मान हलवली. तिने मान हलवली म्हणजे होकार दिला असे नाही, हे तिच्या मुलांना ठाऊक होते. इंजिनिअर नवा होता.

दोष तिच्या बोटांचा, हे ती स्वतःही कबूल करी. नन्सच्या शाळेत ती टाइपरायटरवर शिकली. ते लोखंडी धूड हळू दाबले तर अक्षरच द्यायचे नाही. वर सिस्टर मागे उभी राहून म्हणायची, घाबरतेस कशाला, खरं लिहितेयस ना, मग जोरात लिही. ते वळण बोटांत गेले ते गेलेच. सेवेरिना टाइप करू लागली की बोळाच्या दुसऱ्या टोकाला कळे. पूर्वी कीबोर्ड वेगळा असायचा, वायरच्या शेपटीचा. मेला की उपटायचा आणि दुसरा लावायचा, सुतक कुणालाच नाही. लॅपटॉप आले तेव्हा कीबोर्ड अंगातच आला, जबड्यात दात असावेत तसा. मग आधी बटणांवरचा रंग जाई, नंतर एखादे बटण खाली गेले की वर यायला कंटाळा करी, आणि एक दिवस वर यायचेच नाही. दुरुस्तीला न्यावे तर उत्तर ठरलेले: बाई, दात एकटा निघत नाही, जबडाच बदलावा लागेल.

पण बटणांचे दुःख वेगळे आणि सेवेरिनाचे वेगळे. मीटरच्या खोलीला खिडकी नव्हती.

तिचे टेबल रस्त्याकडच्या खिडकीला लागून होते. धाकटा मुलगा लहानपणी तापाने हातचा जातो की काय असे झाले, तेव्हा तिने सोकावोनच्या आईला नवस बोलला होता. खाणीच्या तोंडाशी बसलेली ती मरियाआई ओरुरोची. तिच्या नवसाला लोक कार्निव्हलमध्ये नाचतात. सेवेरिनाला नाचता येत नव्हते. ती म्हणाली होती, आई, माझ्याकडे बोटं आहेत. ती चालतील तोवर, ज्याला लिहिता येत नाही असा एकही माणूस माझ्या खिडकीतून रिकाम्या हाताने जाणार नाही. मुलगा बरा झाला, मोठा झाला, लग्नानंतर लठ्ठही झाला, आणि नवस चालूच राहिला. नळ मागणारे, नळ फुटला म्हणणारे, दूर गेलेल्या मुलाला चार ओळी धाडणाऱ्या, सगळे त्या खिडकीशी यायचे. रोज सकाळी ती लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून तीन वेळा ‘नमो मरिया’ म्हणे आणि मगच झाकण उघडे. खिडकी गेली म्हणजे नवस मोडला. आणि सोकावोनची आई कितीही दयाळू असली, तरी नवस का मोडला याचे कारण ‘कीबोर्ड’ असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

आधीचे कीबोर्ड का टिकले नाहीत, याचे सेवेरिनाकडे आणखी एक उत्तर होते. ते तिने इंजिनिअरला सांगितले नव्हते. त्यांची चाल्या झाली नव्हती.

ओरुरोत कार्निव्हलच्या आदल्या शुक्रवारी कचेऱ्यांची चाल्या होते आणि मंगळवारी घरादारांची. वर्षभर जे जे आपल्यासाठी राबले त्याच्यावर पाकळ्या आणि रंगीत कागदाच्या टिकल्या उधळायच्या, आधी धरणीमायला दारूचे चार थेंब पाजायचे आणि मग त्यालाही पाजायचे. संस्थेच्या जीपला ही चाल्या दरसाल मिळे. तिचा ड्रायव्हर तिबुर्सिओ, ज्याला गावातल्या सगळ्या ड्रायव्हरांप्रमाणे लोक ‘माएस्त्रो’ म्हणत, जीपला बिअरने जवळजवळ न्हाऊच घाली. तिच्या वयाच्या गाड्या वितळून त्यांचे तवे झाले, पण ही अजून डोंगर चढत होती. लॅपटॉप आल्यापासून मात्र कचेरीत दारूबंदी. ओस्वाल्दोने या वर्षी तर दारावर कागदच चिकटवला: फक्त कागदी झिरमिळ्या चालतील, यंत्रांजवळ द्रव पदार्थ नकोत.

"बिअरला द्रव पदार्थ म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा बघतोय," माएस्त्रो तिबुर्सिओ म्हणाला.

शुक्रवारी दुपारी ओस्वाल्दो स्वतःचा लॅपटॉप काखेत मारून लवकर निघाला. चार दिवस सुट्टी होती, आणि त्याच्या आईने, दोन्या ओर्तेन्सियाने, जेवायला वेळेवर ये असे तीनदा फोन करून बजावले होते. तो गेल्यावर सेवेरिनाने खिडकी लावली, पर्समधून सिंगानीची चपटी बाटली काढली, आणि बाटलीच्या बुचात मावेल एवढीच ती द्राक्षाची दारू खोलीच्या चार कोपऱ्यांत थेंब थेंब सोडली. धरणीमायचे झाले. मग बंद लॅपटॉपवर तिने पिवळ्या पाकळ्या वाहिल्या. द्रव पदार्थ यंत्राजवळ नेला नाही, म्हणजे हुकूमही मोडला नाही. ती हात जोडून पुटपुटत होती, तेवढ्यात जीपची चाल्या आटोपून माएस्त्रो आत आला. त्याच्या केसांत गुलाबी टिकल्या होत्या, गळ्यात झिरमिळ्या, आणि हातात बिअरची बाटली.

"हे काय चाललंय?"

"चाल्या."

"झाकण लावून?" माएस्त्रोला खरोखर वाईट वाटले. "दोन्या सेवेरिना, बंद दारापुढे कुणी नैवेद्य ठेवतं का? आतल्याला कळायला नको, आपल्यासाठी कुणी आलंय ते?"

सेवेरिना विचारात पडली. माणूस पिऊन बोलत होता, पण खोटे बोलत नव्हता. वर्षभर राबणार ती बटणे, झाकण नव्हे. आणि आपण पाकळ्या वाहिल्या झाकणाला. घरधन्याला सोडून दाराच्या कडीला ओवाळण्यातला प्रकार. तिने स्वतःच्या हाताने झाकण उघडले. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच ऐकवत राहिली: बाटली माएस्त्रोची होती, पण उघडलं मी.

"दोनच थेंब, माएस्त्रो."

"दोनच," तो म्हणाला, आणि त्याने शब्द मोडला असे कुणी म्हणू नये. ती बाटली सकाळपासून जीपच्या सीटखाली, वरच्या वस्तीच्या धोंड्यांच्या रस्त्यावर हिंदकळत होती. त्याने फक्त बूच उडवले. पुढचे बाटलीने आपल्या मनाने केले.

फेस बटणांच्या फटींतून खाली उतरू लागला. तहानलेल्या जमिनीत पाणी मुरताना येतो तसा बारीक आवाज येत होता. दोघेही तो ऐकत उभे राहिले.

"धरणीमाय खूश झाली," माएस्त्रो म्हणाला, पण जरा हळूच.

मग जे जे सुचेल ते केले. लॅपटॉप पालथा घातला, शालीने टिपला, गच्चीवर उन्हात तंबूसारखा उभा केला. ओरुरोच्या वाऱ्याने शेजारच्या कचेरीतल्या टिकल्या उडवून आणून त्याच्या ओल्या बटणांवर नीट चिकटवल्या. तासाभराने चालू केला तेव्हा स्क्रीन उजळली आणि सेवेरिनाच्या जिवात जीव आला. बटणांनी मात्र उलटा नेम धरला होता. दाबावे ते बटण गप्प, न दाबलेले बोलत. एकच अक्षर ओळीमागून ओळी आपोआप उमटत गेले आणि बघता बघता पान भरले.

"आपलं आपण लिहायला लागलं," माएस्त्रो म्हणाला. "इंजिनिअरला हेच हवं होतं ना?"

कार्निव्हलच्या चार दिवसांत ओरुरोत यंत्र दुरुस्त करणारा माणूस शोधणे म्हणजे दिवाळीत शिंपी शोधण्यासारखे. पण माएस्त्रोची भाची योवाना बाजारात लॅपटॉप दुरुस्त करी, आणि ती कुठे सापडेल हे सगळ्यांना ठाऊक होते. शनिवारच्या मिरवणुकीत ती सैतानाच्या बायकोचे सोंग घेऊन नाचत होती. तिचाही तीन वर्षांचा नवस होता. पथक पाणी प्यायला थांबले तेव्हा सेवेरिनाने शालीत गुंडाळलेला लॅपटॉप, तान्हे मूल डॉक्टरला दाखवावे तसा, तिच्यापुढे उघडला. योवानाने शिंगांचा मुखवटा कपाळावर सरकवला, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "बिअर."

"तू वासावरून ओळखतेस?"

"एवढंच बघावं लागतं, दोन्या. कंपनी दाबणी मोजते, मी पेयं मोजते. झिजून मेलेला कीबोर्ड मला अजून भेटायचाय. कुणी कॉफी पाजतं, कुणी सूप पाजतं. आत्ता आठवडाभर मी आणि आमच्या गल्लीतले सगळे दुरुस्तीवाले फक्त चाल्याच उपसणार."

"पण मग टिकतो तरी किती गं तो?"

"माणसाला त्याच्यावर माया यायला लागेपर्यंत," योवाना म्हणाली आणि मुखवटा खाली ओढून नाचत पुढे गेली.

मंगळवारी तिने दुकान उघडले. दुकानाच्या चाल्यासाठी फरशीवर पाकळ्यांचा सडा होता, पण आतल्या एकूण एक यंत्रावर तिने प्लास्टिक घातले होते, हे सेवेरिनाच्या नजरेतून सुटले नाही. आतला कीबोर्ड वरच्या सबंध झाकणपट्टीसकट बदलावा लागणार होता. ती पट्टी समुद्रापलीकडून इकिके बंदरात येणार, तिथून ट्रकने डोंगर चढून ओरुरोला, आणि ट्रकवाले अजून उतरायचे होते, डोंगरही आणि नशाही. तोवर योवानाने आतल्या कीबोर्डची तार सोडवून त्याला गप्प केले आणि वायरच्या शेपटीचा एक जुना कीबोर्ड दिला.

उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सेवेरिना देवळातून कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच कचेरीत आली. तिने तो कीबोर्ड मांडीवर घेतला, वायर टेबलाच्या फटीतून वर काढली आणि सगळ्यावर लोकरीची जाड शाल पसरली. लॅपटॉपची मेलेली बटणे वर चकाचक दिसत होती. बोटे शालीखाली चालू लागली. लोकरीने आवाज गिळून टाकला. इतक्या वर्षांत प्रथमच बोळाच्या दुसऱ्या टोकाला काही ऐकू आले नाही.

ऐकू येत होते ते भलतेच. ओस्वाल्दोच्या खोलीचे दार बंद होते आणि आतून तो बोलत होता, एकेक शब्द तोडून, बहिऱ्या आत्याशी बोलावे तसा. "पाइपलाइन. पाइप-लाइन. वरच्या वस्तीची." मग शांतता. मग एक खोल सुस्कारा, आणि पुन्हा तेच. बोललेले टाइप करायला तो मशीनला शिकवत होता. मीटरची खोली जवळ येत होती.

दुपारी तो हाताने लिहिलेले कागद घेऊन बाहेर आला. "हे जरा टाइप करून द्याल?" इतके दिवस स्वतःची पत्रे स्वतःच टाइप करण्याचा त्याला केवढा अभिमान. ही परीक्षाच, सेवेरिना समजून चुकली. तो समोर उभा राहिला तशी तिने शालीखालून हात काढून मेलेल्या बटणांवर ठेवले आणि दाबल्यासारखे केले. स्क्रीनवर काहीच उमटत नव्हते, पण स्क्रीन तिच्याकडे होती. ओस्वाल्दो फक्त बोटांकडे पाहत होता.

"किती हलकं दाबता हो तुम्ही आता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होते. हेवा म्हणावा, तर हेवा करण्यासारखे तिच्यापाशी होते तरी काय?

त्या दिवसापासून रोज कागद येऊ लागले. पत्रे, अहवाल, अगदी दोन ओळींचा निरोपसुद्धा. सेवेरिना मुकाट्याने टाइप करी, आणि सांगून टाकावे असे रोज ठरवून रोज जीभ चावी. उपासाचे दिवस होते. ती साखर सोडून बसली होती, मांस सोडले होते, पण खरे बोलायचे राहूनच जात होते. देवासमोर त्याचा हिशोब कसा लागणार, याची तिला धास्ती वाटे.

त्यात सेन्योरा पास्तोराची भर. डोंगराच्या अगदी वरच्या टोकाला राहणारी ही म्हातारी राखेच्या बुधवारीच नळासाठी अर्ज करायला खिडकीशी उभी राहिली होती. तिने पाहिले ते असे: दोन्या सेवेरिनाच्या कपाळावर राखेचा क्रूस, हात शालीखाली, बोटांची संथ हालचाल, ओठ पुटपुटताहेत, आणि यंत्राला कुणी हात लावलेला नसताना पलीकडच्या प्रिंटरमधून तिचा अर्ज बाहेर आला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि योगायोग असा की पंधरवड्यात तिला नळ मिळाला.

यानंतर वरच्या वस्तीत कोणी काय सांगितले हे विचारायला नको. दोन्या सेवेरिना आता टाइप करत नाही, जपमाळ ओढते आणि अर्ज आपोआप लिहिला जातो. जपाचा अर्ज फेटाळला जात नाही. खिडकीशी रांग लागू लागली. कुणी मेणबत्ती आणू लागले, कुणी जांभळ्या मक्याचे गरम पेय, आपी, थर्मासमधून आणून खिडकीवर ठेवू लागले. एकीने तर अर्ज वगैरे काही नाही, नुसते तिच्या नवऱ्याचे नाव टाइप करून मागितले. तो बरेच दिवस घरी बोलत नव्हता म्हणे.

सेवेरिनाचा जीव कासावीस झाला. कीबोर्ड लपवणे वेगळे आणि चमत्कार करणे वेगळे. शेवटी तिने रांगेदेखत शाल बाजूला केली आणि मांडीवरचा कीबोर्ड वर उचलून धरला.

"हे बघा. हा साधा कीबोर्ड आहे. याला वायर आहे."

सेन्योरा पास्तोराने वायरीकडे पाहिले, मग सेवेरिनाकडे, आणि मागे वळून रांगेला म्हणाली, "कधी कबूल करतील का त्या? खरी भक्ती असली की माणूस असंच बोलतं."

ही कुजबुज बोळ ओलांडून ओस्वाल्दोच्या खोलीत पोहोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी तो येऊन टेबलाशी उभा राहिला. हातात स्वतःचा लॅपटॉप होता, संस्थेतला सगळ्यात भारी. आता मीटरच्या खोलीची किल्ली देणार, असे सेवेरिनाला वाटले. त्याने वाकून तिच्या बटणांकडे बराच वेळ पाहिले.

"इतके आठवडे झाले," तो म्हणाला, "एक अक्षर पुसलेलं नाही. एक बटण बसलेलं नाही. माझं चुकलं, दोन्या सेवेरिना. टिकणं यंत्रात नसतं, हातात असतं. मी ठरवलंय, तुम्ही तुमच्याच जागेवर बसायचं. आणि बक्षीस म्हणून माझा लॅपटॉप तुम्ही घ्यायचा. हा मला द्या."

"नको हो," सेवेरिना घाबरून म्हणाली. "मला याची सवय झालीय."

"नको कसं, माझा नवाच आहे."

"म्हणूनच नको. इंजिनिअर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय," तो घाईने म्हणाला. "नंतर." आणि तिचा लॅपटॉप उचलून, निघालेल्या तारेची शेपटी न पाहताच तिच्या मांडीवर लोंबत सोडून, तो जवळजवळ पळतच खोलीत गेला. दार लागले.

सेवेरिना जागेवरच बसून राहिली. खिडकी मिळाली होती आणि गेलीही होती, तो झाकण उघडून एक बटण दाबेपर्यंतचाच काय तो अवकाश. तिने मनात सोकावोनच्या आईची क्षमा मागितली, आणि हाताला काहीतरी हवे म्हणून त्याचा लॅपटॉप जवळ ओढला. सवयीने झाकणावर हात ठेवला, तीन वेळा ‘नमो मरिया’ म्हटले, झाकण उघडले.

आतून सिंगानीचा वास आला.

जुना, गोडसर, वाळलेला वास. तिने एक बटण दाबले. ते खाली गेले आणि तिथेच विसावले. दुसरे दाबले, ते हललेच नाही. लांब बटणाच्या कडेला एक पिवळी पाकळी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली होती, आणि तिच्या शेजारी गुलाबी कागदाची एक टिकली. बंद दार, बहिऱ्या आत्याशी बोलणे, हाताने लिहिलेले कागद. सगळे एका दोऱ्यात ओवले गेले. रोज सकाळी तीन वेळा आईचे नाव, दिवसभर तेच मनात, आणि तरी तिला हे दिसले नव्हते.

आतले दार हळूच उघडले. ओस्वाल्दो चौकटीत उभा होता, काखेत तिचा लॅपटॉप. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"काय?" शेवटी त्याने विचारले.

"बिअर," सेवेरिना म्हणाली. "आणि तुमची?"

"सिंगानी. आईने."

"झाकण उघडून?"

"मी म्हटलं तिला, बंद असू दे," ओस्वाल्दो म्हणाला. "ती म्हणाली, बंद दारापुढे नैवेद्य ठेवतं का कुणी, मेल्या?"

सेवेरिनाने शालीचे टोक तोंडाला लावले. हसू दाबायला की देवाचे आभार मानायला, हे तिचे तिलाच ठाऊक. मग तिने त्याला बसायला खुर्ची ओढून दिली.

"दारावर कागद मीच लावलेला," तो म्हणाला. "कुणाला सांगणार होतो? बाजारात न्यायचीही लाज. वाटलं, तुमच्याकडे तरी एक धड आहे."

"मला वाटलं, तुमच्याकडे तरी," सेवेरिना म्हणाली.

संस्थेच्या पंचांना सांगायलाच हवे, हे दोघांनी तिथेच ठरवले, आणि ते पत्र सेवेरिनाने टाइप केले. शाल न घेता, जोरात, बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे. पंच सगळे डोंगरावरच्या वस्त्यांतले. त्यांनी पत्र वाचले, गंभीर चेहऱ्याने एकमेकांत चर्चा केली, आणि एवढेच विचारले की दोन्ही लॅपटॉपची चाल्या केली तर बिचाऱ्या प्रिंटरला का वगळले. दोन झाकणपट्ट्या मागवायचे ठरले. ट्रक इकिकेहून निघाला आहे, असे योवाना दर आठवड्याला सांगत होती. तिने तोवर ओस्वाल्दोलाही वायरच्या शेपटीचा एक कीबोर्ड दिला.

रांग मात्र हटेना. एका दिवशी ती खिडकीवरून वळून, दारातून आत येऊन, बोळातून ओस्वाल्दोच्या खोलीपर्यंत गेली. एक बाई चुकून त्याच्याच टेबलापुढे येऊन बसली आणि आपल्या फुटलेल्या नळाची कथा पहिल्यापासून सांगू लागली. त्याने दोनदा तिला थांबवायचा प्रयत्न केला. मग त्याने कीबोर्ड मांडीवर ओढला. खोली गार होती, म्हणून गुडघ्यांवर लोकरीचा पोंचो टाकला, आणि लिहायला लागला. बाईचे ऐकता ऐकता त्याची बोटे जड होत गेली, हे सेवेरिनाला भिंतीपलीकडूनही कळले. दुसऱ्या दिवशी त्याने आपले टेबल स्वतः ढकलत खिडकीशी आणले आणि तिच्या टेबलाला लावून ठेवले.

सेन्योरा पास्तोरा एका नातेवाइकाला घेऊन आली तेव्हा दोघे शेजारी शेजारी बसले होते, एकाच्या गुडघ्यांवर शाल, एकाच्या पोंचो. सेवेरिनाचे अर्ज झरझर बाहेर पडत होते. ओस्वाल्दो अडखळत होता, थांबत होता, मान खाली घालून काहीतरी शोधत होता आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता.

म्हातारीने त्याला बराच वेळ न्याहाळले, क्रूसाची खूण केली, आणि नातेवाइकाला हळूच म्हणाली, "तू दोन्यांच्याच रांगेत लाग बाबा. हा नवीन आहे. याचा जप अजून पाठ नाही."